एका कॉम्प्युटरचं नेट घरातल्या सगळ्या मोबाईलवर: हॉटस्पॉट कसा लावायचा, कुठं अडतो आणि काय जपायचं

अमरावती / अकोला : जून-जुलै आला की गावात सगळ्यांची ऑनलाइन कामं एकदमच निघतात. पोरीचा अकरावीचा अर्ज, पोराचं महाडीबीटीचं काम, बाबांचा पीक विमा, फार्मर आयडीची दुरुस्ती. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी आपल्या भागात ते अमरावती महापालिकेच्या हद्दीपुरतेच होते. सीसीआयला कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आली. खरिपाच्या विम्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैच्या आसपास संपते. म्हणजे कामं सगळी नेटवर, आणि घरात धड चालणारं नेट मात्र एकाच ठिकाणी. कुठं कॉम्प्युटरला आलेली केबल, कुठं एकाच मोबाईलमध्ये शिल्लक असलेला डेटा.

हे एकच नेट कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपमधून घरातल्या बाकी मोबाईलना देता येतं. त्यासाठी राउटर लागत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, महिन्याचा जास्तीचा खर्चही नाही. विंडोज १० आणि विंडोज ११ मध्ये ही सोय आधीपासूनच दिलेली आहे. ती कशी सुरू करायची, कुठं अडते आणि दुसऱ्याला नेट देताना आपल्यावर कोणती जबाबदारी येते, याची सगळी माहिती एकाच ठिकाणी देत आहोत.

हॉटस्पॉट म्हणजे नेमकं काय?

वावरात पाण्याचा पाइप एकच येतो, पण टाकीतून चार नळ काढता येतात. इथं कॉम्प्युटर ही टाकी समजा. त्याच्यात नेट एका बाजूनं येतं. ते केबलनं येईल, यूएसबी डोंगलनं येईल, मोबाईलच्या वायरनं येईल किंवा दुसऱ्या वायफायवरून येईल. दुसऱ्या बाजूनं कॉम्प्युटरचं वायफाय कार्ड तेच नेट हवेतून मोबाईलना देतं. अशा वेळी कॉम्प्युटर स्वतःच राउटरचं काम करतो. यालाच अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात आणि बोलीभाषेत आपण हॉटस्पॉट म्हणतो.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हॉटस्पॉटनं नेट वाढत नाही, फक्त वाटलं जातं. टाकीत पाणीच नसेल तर नळ कितीही लावा, काही उपयोग नाही.

मोबाईलचा हॉटस्पॉट आहेच, मग कॉम्प्युटर काहून?

हा प्रश्न बरोबर आहे. एक-दोन मोबाईलचं काम असेल आणि एका मोबाईलमध्ये चांगली रेंज असेल, तर मोबाईलचा हॉटस्पॉटच सोपा. कॉम्प्युटरचा हॉटस्पॉट पुढच्या वेळी कामी येतो:

- घरी किंवा कार्यालयात ब्रॉडबँडची वायर थेट कॉम्प्युटरला लावलेली आहे आणि वायफाय राउटर नाही किंवा जळाला आहे.
- नेट यूएसबी डोंगलवर आहे आणि डोंगल फक्त कॉम्प्युटरला लागतो.
- रेंज असलेला मोबाईल एकच आहे आणि तासभर हॉटस्पॉट ठेवला की तो तापतो, बॅटरी उतरते. हा मोबाईल यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडला, तर नेट लॅपटॉपमध्ये येतं आणि मोबाईल चार्जही होत राहतो. पुढं वाटायचं काम लॅपटॉप करतो.
- राउटर पुढच्या खोलीत आहे आणि त्याचं वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही. मधे लॅपटॉप ठेवला तर तो वायफाय घेऊन पुढं देऊ शकतो.

शेवटच्या प्रकारात वेग कमी होतो, साधारण अर्ध्यावर येतो. काहून की एकच कार्ड नेट घेतंही आणि देतंही. फॉर्म भरायला ते पुरतं, पण मोठा व्हिडिओ अडकत अडकत चालेल.

काय काय लागतं?

१) विंडोज १० किंवा ११ असलेला कॉम्प्युटर. विंडोज १० मध्ये ही सोय २०१६ च्या अपडेटपासून आहे. मात्र विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ध्यानात ठेवा.

२) कॉम्प्युटरमध्ये वायफाय कार्ड. लॅपटॉपमध्ये ते असतंच. टेबलावरच्या डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा नसतं. तेव्हा यूएसबीत लावायचा छोटा वायफाय अडॅप्टर घ्यावा लागतो. साधा अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. घेताना दुकानदाराला विचारा, "यावरून हॉटस्पॉट देता येतो ना? लावून दाखवा." काही स्वस्त अडॅप्टर नेट घेतात, पण देत नाहीत.

३) कॉम्प्युटरवर आधी चालू असलेलं नेट. हॉटस्पॉट लावायच्या आधी कॉम्प्युटरवरच एखादी वेबसाइट उघडून पाहा. तिथं उघडत नसेल तर मोबाईलवरही उघडणार नाही.

विंडोज १० आणि ११ : टप्प्याटप्प्यानं

स्क्रीनवर ही नावं इंग्रजीत दिसतील. वाचायला सोपं जावं म्हणून इथं उच्चार मराठीत दिला आहे.

पायरी १ : कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरा आणि 'आय' दाबा. 'सेटिंग्ज' उघडेल.

पायरी २ : 'नेटवर्क अँड इंटरनेट' वर जा. त्यात 'मोबाईल हॉटस्पॉट' शोधा आणि त्यावर क्लिक करा.

पायरी ३ : 'शेअर माय इंटरनेट कनेक्शन फ्रॉम' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे नेट कुठून घ्यायचं. वायर लावली असेल तर 'इथरनेट' निवडा. मोबाईल यूएसबीनं जोडला असेल तर तोही बहुधा 'इथरनेट' आणि पुढं एखादा आकडा असा दिसतो. वायफायवरून घ्यायचं असेल तर 'वायफाय' निवडा.

पायरी ४ : त्याखाली 'शेअर ओव्हर' असतं. म्हणजे नेट कशावरून द्यायचं. इथं 'वायफाय' ठेवा. ब्लूटूथचाही पर्याय असतो, पण तो फार हळू चालतो.

पायरी ५ : 'प्रॉपर्टीज' मध्ये 'एडिट' दाबा. हॉटस्पॉटचं नाव बदला, पासवर्ड बदला. पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरांचा लागतो. नावात आपलं पूर्ण नाव, मोबाईल नंबर किंवा घर नंबर टाकू नका.

पायरी ६ : तिथंच 'बँड' दिसेल. घराच्या भिंती जाड असतील किंवा मोबाईल जुने असतील तर '२.४ गीगाहर्ट्झ' निवडा आणि 'सेव्ह' करा.

पायरी ७ : आता सगळ्यात वरचं बटण 'ऑन' करा. झालं.

मोबाईल यूएसबीनं जोडणार असाल तर आधी मोबाईलमध्ये 'सेटिंग्ज', मग 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग' इथं जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. केबल लावल्याशिवाय हे बटण दबत नाही. केबल डेटा जाणारी हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यावर हे होत नाही.

मोबाईल जोडताना

ज्या मोबाईलला नेट द्यायचं त्याचं वायफाय चालू करा, यादीत आपल्या हॉटस्पॉटचं नाव शोधा, पासवर्ड टाका. नव्या विंडोज ११ मध्ये हॉटस्पॉटच्या पानावर क्यूआर कोडही दिसतो. तो मोबाईलच्या कॅमेऱ्यानं स्कॅन केला की पासवर्ड टाइप करावा लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे बरं.

जोडून झालं की त्या मोबाईलचा मोबाईल डेटा बंद करा. बरेच मोबाईल वायफाय थोडं मंद झालं की गुपचूप स्वतःच्या डेटावर जातात. मग आपण समजतो नेट कॉम्प्युटरचं चालू आहे, आणि संध्याकाळी पाहतो तर मोबाईलचा पॅक संपलेला.

विंडोजचा हॉटस्पॉट एका वेळी जास्तीत जास्त ८ मोबाईल घेतो. किती जोडले आहेत आणि त्यांची नावं काय, हे हॉटस्पॉटच्या पानावरच खाली दिसतं. नववा मोबाईल जोडायचा असेल तर आधी एक काढावा लागेल.

विंडोज ७, उबंटू आणि मॅक

विंडोज ७ मध्ये ही सोय अशी सरळ बटणावर नाही. त्यात 'अ‍ॅडहॉक' नावाचा एक प्रकार होता, पण तसं नेटवर्क बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलच्या यादीत दिसायचंच नाही. काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करून हॉटस्पॉट काढता येतो, पण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले. अशा कॉम्प्युटरवरून दुसऱ्यांना नेट देणं धोक्याचं. त्यापेक्षा साधा राउटर घेतलेला परवडतो.

शाळांमध्ये काही कॉम्प्युटरवर उबंटू असतं. तिथं 'सेटिंग्ज' मधल्या 'वायफाय' पानावर वरच्या तीन ठिपक्यांत 'टर्न ऑन वायफाय हॉटस्पॉट' हा पर्याय आहे. मॅकमध्ये 'सिस्टिम सेटिंग्ज', 'जनरल', 'शेअरिंग' या वाटेनं 'इंटरनेट शेअरिंग' मिळतं.

एक इशारा. 'फ्री हॉटस्पॉट सॉफ्टवेअर' म्हणून नेटवर जे काही मिळतं ते डाउनलोड करू नका. विंडोज १० आणि ११ ला त्याची गरजच नाही, आणि अशा फायलींबरोबर जाहिराती आणि व्हायरस येण्याची भीती असते.

कॉम्प्युटर कुठं ठेवायचा?

वायफायला भिंतीचं वावडं. जुन्या घरांच्या मातीच्या जाड भिंती, सिमेंटचा स्लॅब, टिनाचे पत्रे, लोखंडी कपाट, पाण्याची भरलेली टाकी, हे सगळं सिग्नल अडवतं. टिनाचा पत्रा तर सगळ्यात वाईट, त्यातून सिग्नल जवळपास जातच नाही.

म्हणून लॅपटॉप जमिनीवर किंवा कोपऱ्यात न ठेवता टेबलावर, घराच्या मधोमध, दरवाज्याच्या रेषेत ठेवा. ओसरीत बसून काम करायचं असेल तर ओसरीकडच्या खिडकीत ठेवा. २.४ गीगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीतून जास्त जातो, ५ गीगाहर्ट्झचा वेगानं चालतो पण लवकर संपतो. एकाच खोलीत बसणार असाल तर ५, दोन-तीन खोल्या ओलांडायच्या असतील तर २.४, असा साधा हिशेब ठेवा.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या पट्ट्यात रेंज खिडकीत किंवा छतावरच मिळते अशी घरं आहेत. तिथं रेंज असलेला मोबाईल खिडकीत ठेवून त्याचा हॉटस्पॉट लॅपटॉपनं घ्यायचा आणि लॅपटॉपनं पुढं आतल्या खोलीत द्यायचा, असं करता येतं. यूएसबी केबल लावणार असाल तर ती फार लांब घेऊ नका. साध्या यूएसबी केबलची हद्द ५ मीटर. त्याहून लांब झाली की जोडणी तुटत राहते.

लाइन गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण फायबरचा डबा विजेवर चालतो. इन्व्हर्टर नसेल तर लाइनबरोबर तो बंद होईल आणि नेटही जाईल. लोडशेडिंगच्या वेळी यूएसबीनं जोडलेला मोबाईलच कामी येतो. शेवटच्या तारखेच्या दिवशी ही तयारी आधीच करून ठेवा.

डेटा कुठं जातो?

यूट्यूबच्या ४८० दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला साधारण १.१ मेगाबिट लागतात. तासाचा हिशेब केला तर अर्धा जीबी. ७२० दर्जाला तासाला सव्वा जीबीच्या आसपास, १०८० ला सव्वादोन जीबी. आता दिवसाचा दीड जीबीचा पॅक घ्या. एक जण ४८० वर पाहत असेल तर तीन तास पुरेल. चार पोरं एकाच हॉटस्पॉटवर पाहत बसली तर पाऊण तासात पॅक खल्लास, आणि अर्ज राहील तसाच.

म्हणून मोबाईलच्या डेटावर हॉटस्पॉट चालवताना तीन गोष्टी करा:

पहिली, कॉम्प्युटरमध्ये ज्या नेटवर तुम्ही आहात त्याच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. नाहीतर विंडोजचे मोठे अपडेट मागल्या मागे उतरत राहतात.

दुसरी, जोडलेल्या मोबाईलमध्येही त्या वायफायच्या माहितीत जाऊन ते 'मीटर्ड' धरा. मोबाईलला ते साधं वायफाय वाटलं तर तो फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट सुरू करतो.

तिसरी, व्हॉट्सअ‍ॅपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद ठेवा.

फायबरची अमर्याद योजना असेल तर डेटाची चिंता कमी, पण वेग वाटला जातो हे तिथंही खरं. २० एमबीपीएसच्या लाइनवर ८ मोबाईल एकदम चालले तर एकेकाच्या वाट्याला अडीच एमबीपीएस येतं. फॉर्म भरायला ते भरपूर आहे.

अडलं तर काय पाहायचं?

हॉटस्पॉटचं बटण दबतच नाही : कॉम्प्युटरचं वायफाय बंद असेल किंवा 'एअरप्लेन मोड' चालू असेल. दोन्ही तपासा. डेस्कटॉपमध्ये वायफाय कार्डच नसेल तरी असंच होतं.

'नेट कनेक्शन नाही' असा संदेश येतो : कॉम्प्युटरवरच नेट नाही. आधी वायर, डोंगल किंवा यूएसबी टेदरिंग पाहा.

मोबाईलला हॉटस्पॉट दिसत नाही : बँड ५ गीगाहर्ट्झवर असेल आणि मोबाईल जुना असेल. २.४ करून पाहा.

जोडलं जातं पण 'नो इंटरनेट' येतं : पायरी ३ मध्ये चुकीचं नेट निवडलं असेल, ते पुन्हा पाहा. मोबाईलमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' लावलेलं असेल तर ते बंद करून पाहा. कॉम्प्युटरमधला अँटिव्हायरस वाटणी अडवत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते. शेवटी हॉटस्पॉट बंद करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. निम्म्या अडचणी तिथंच सुटतात.

थोड्या वेळानं आपोआप बंद होतो : कोणी जोडलेलं नसेल तर वीज वाचवायला विंडोज काही मिनिटांत हॉटस्पॉट बंद करतं. त्याच पानावर 'पॉवर सेव्हिंग' आहे, ते बंद करा. लॅपटॉप झोपी जात असेल तर 'पॉवर' च्या सेटिंगमध्ये 'स्लीप' ची वेळ वाढवा. झाकण बंद केलं की बहुतेक लॅपटॉप झोपतात आणि सगळ्यांचं नेट जातं, म्हणून झाकण उघडंच ठेवा.

ग्रामपंचायतीत आलेलं नेट

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावानं मंजूर झाली. २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावानं झालं. जिथं ही लाइन चालू आहे, पण वायर एकाच कॉम्प्युटरला लावलेली आहे, तिथंही वरच्याच पद्धतीनं नेट वाटता येईल. मात्र ते कार्यालयाचं कनेक्शन आहे. ग्रामसेवक आणि सरपंच यांच्या परवानगीशिवाय त्यावरून हॉटस्पॉट काढू नका. ज्या कॉम्प्युटरवर गावाचे दाखले आणि नोंदी आहेत तो कॉम्प्युटर हॉटस्पॉटसाठी वापरणं तर टाळाच. तिथं वेगळा राउटर हाच योग्य मार्ग.

आपल्याच जिल्ह्यात याचा मोठा धडा आहे. धारणी तालुक्यातलं हरिसाल हे मेळघाटातलं गाव २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं तिथं टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून नेट नेण्याचा प्रयोग झाला. या लहरी झाडीतून आणि उंचसखल भागातून लांबवर जातात, म्हणून जंगलातल्या गावासाठी त्या निवडल्या. पुढं २०१९ च्या लोकसभा प्रचारात तिथल्या सोयी खरंच किती चालू आहेत यावरून राज्यभर वाद रंगला. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. नेट गावात येणं हे अर्धं काम. ते रोज चालू राहणं, बिघडलं तर गावातल्या कोणाला तरी दुरुस्त करता येणं आणि शेवटच्या घरापर्यंत पोचणं हे दुसरं अर्धं. हॉटस्पॉट लावता येणारी दोन-चार पोरं-पोरी गावात असली, तर त्या दुसऱ्या अर्ध्यातला थोडा भाग गावाच्याच हातात येतो.

पासवर्ड नसेल तर काय होऊ शकतं?

"आपल्या गावात कोण कशाला चोरेल नेट?" असं म्हणून पुष्कळ जण पासवर्ड '१२३४५६७८' ठेवतात. याचं उत्तर आपल्या राज्यातच घडलेल्या एका प्रकरणात आहे.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास यंत्रणा त्याचा माग काढत पोचल्या ते नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथं राहणाऱ्या माणसाचा त्या ईमेलशी संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि भलत्यानंच ते वापरलं होतं. तरी चौकशीला त्यालाच सामोरं जावं लागलं. पुढच्याच महिन्यात असाच दुसरा ईमेल मुंबईत माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून गेला. यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागानं वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या.

यातून घ्यायचा बोध साधा आहे. तुमच्या नेटवरून कोणी काही केलं, तर बाहेरच्या जगाला पत्ता तुमचाच दिसतो. सिम तुमच्या नावावर, कनेक्शन तुमच्या नावावर. आणि कोणत्या मोबाईलनं कोणती वेबसाइट उघडली याची नोंद विंडोजचा हॉटस्पॉट ठेवत नाही. नंतर "मी नव्हतो" म्हणायला तुमच्याजवळ कागद नसतो. नेट वाटता येतं, जबाबदारी वाटता येत नाही.

म्हणून:

- पासवर्ड १२ अक्षरांच्या आसपास ठेवा. अक्षरं आणि आकडे मिसळा. पोरांची नावं, गाडीचा नंबर, गावाचं नाव नको.
- पाहुणे, मजूर, शेजारी यांना नेट दिलं असेल तर काम झाल्यावर पासवर्ड बदला. पासवर्ड बदलला की जुने सगळे मोबाईल आपोआप तुटतात.
- आठवड्यातून एकदा जोडलेल्या मोबाईलची यादी पाहा. अनोळखी नाव दिसलं की लगेच पासवर्ड बदला.
- काम झालं की हॉटस्पॉट बंद करा. रात्रभर चालू ठेवू नका.
- कॉम्प्युटरमध्ये फोल्डर शेअर केलेले असतील तर ते बंद करा. हॉटस्पॉटवर आलेल्याला ते दिसू शकतात.

दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर जाणाऱ्यानंही जपावं. बँकेचं काम शक्यतो स्वतःच्या मोबाईल डेटावर करा. वेबसाइट 'सुरक्षित नाही' असा इशारा आला तर पुढं जाऊ नका. पैसे गेलेच तर लाजू नका, थांबू नका, लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

परवाना लागतो का? पैसे घेता येतात का?

घरगुती वायफायसाठी वेगळा परवाना लागत नाही. २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ पासून परवानामुक्त आहे. घरातल्यांना, आल्या-गेल्याला नेट दिलं तर काही अडचण नाही.

पण पैसे घेऊन नेट विकणं वेगळी गोष्ट. घरगुती कनेक्शन पुढं विकायला कंपन्यांच्या अटींनुसार मनाई असते. गावात दुकान आहे आणि लोकांना नेट देऊन चार पैसे मिळवायचे आहेत, तर त्यासाठी सरकारची पीएम-वाणी ही वाट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. यात किराणा दुकान, चहाची टपरी, सेवा केंद्र, कोणीही 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकतं. दुकानदाराला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्कही नाही. मात्र त्याला एखाद्या नोंदणीकृत मोठ्या कंपनीशी जोडून घ्यावं लागतं आणि त्यासाठी चालणारा राउटर लावावा लागतो. गिऱ्हाईक ओटीपी टाकून आत येतं, म्हणून कोण आलं-गेलं याची नोंद राहते. कॉम्प्युटरच्या हॉटस्पॉटमध्ये नेमकं हेच नसतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*हॉटस्पॉट चालू असताना कॉम्प्युटरवर दुसरं काम करता येतं का?*
हो. पण कॉम्प्युटर बंद केला किंवा झोपला की सगळ्यांचं नेट जाईल.

*स्मार्ट टीव्ही जोडता येतो का?*
येतो. आठपैकी एक जागा तो घेईल आणि डेटा सगळ्यात जास्त तोच खाईल.

*शेजाऱ्याच्या घरापर्यंत जाईल का?*
लागून घर असेल आणि मधे एकच भिंत असेल तर जाऊ शकतं. गल्ली ओलांडून भरवसा धरू नका.

*राउटर घ्यावा की हॉटस्पॉटवर भागवावं?*
महिन्यातून चार-दोन वेळचं काम असेल तर हॉटस्पॉट पुरे. रोज तीन-चार जण नेट वापरत असतील आणि घरी केबल किंवा फायबर असेल तर साधा राउटर घ्या. तो हजार-बाराशेच्या आसपास मिळतो, वीज लॅपटॉपपेक्षा कमी खातो आणि दिवसभर चालू राहिला तरी लॅपटॉप झिजत नाही.

*अर्जाची शेवटची तारीख आज आहे आणि नेट मंद आहे. काय करू?*
बाकीचे सगळे मोबाईल हॉटस्पॉटवरून काढा. फक्त अर्ज भरणारा एकच ठेवा. कागदपत्रांचे फोटो आधीच छोटे करून ठेवा. पहाटे किंवा रात्री उशिरा गर्दी कमी असते, त्या वेळी भरा. अर्ज गेल्यावर पोचपावती उतरवून ठेवल्याशिवाय नेट बंद करू नका.

ही माहिती तुमच्या गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा. आणि मुदतीची वाट न पाहता एखाद्या मोकळ्या संध्याकाळी घरी एकदा हॉटस्पॉट लावून, दोन मोबाईल जोडून पाहून ठेवा.